निबंधावरचं नाव

३ मार्च, मंगळवार

डॉक्टरीणबाईंनी आज सक्तीची विश्रांती सांगितली. रक्तदाब चढलाय, पाय सुजलेत, शाळा बंद. दिवसातून दोनदा बाळाच्या लाथा मोजून लिहायच्या. त्यासाठी ही वही. सकाळी अकरा लाथा, संध्याकाळी सात.

चौदा वर्षं दुसऱ्यांच्या वह्या तपासल्या. स्वतःच्या वहीत काय लिहावं ते सुचत नाही. सवयीने लाल पेन उचललं होतं, ते परत ठेवलं.

५ मार्च, गुरुवार

सकाळी नऊ. संध्याकाळी मोजायच्या राहिल्या.

नवरा कामावरून लवकर आला. दिवसभर इमारतींच्या लिफ्ट दुरुस्त करतो, त्यामुळे घरी आला की पाय जमिनीवर आहेत याचाच त्याला आनंद असतो. मुलगीच होणार हे त्याने परस्पर ठरवून टाकलंय. मुलगा झालाच तर तेव्हाचं तेव्हा बघू म्हणतो. चहा घेत नावांची यादी करायला बसलो. बाईमाणसाने नाव ठेवणं किती अवघड असतं ते त्याला काय कळणार! बाईमाणूस म्हणजे शाळेतली बाई. कुठलंही नाव घेतलं की त्या नावाची एक मुलगी डोळ्यासमोर उभी राहते. एक दुसऱ्यांचे डबे फस्त करायची, एकीचं नाक सदैव वाहत असायचं, एक चहाडखोर. बत्तीस नावं खोडली.

मग तो म्हणाला, "आत्याचं ठेवू या?"

आत्याने त्याला वाढवलं. ती लोकांचे कपडे धुऊन इस्त्री करून द्यायची. गिऱ्हाइकांच्या कपड्यांना टाचलेल्या चिठ्ठ्यांवरून तिने त्याला अक्षरं शिकवली, हे तो कितीदा तरी सांगतो. पण तिचं नाव मी आज पहिल्यांदा नीट ऐकलं. घरात सगळे तिला आत्याच म्हणायचे. दोनच अक्षरं, जुन्या वळणाचं.

मी पटकन म्हणाले, "असलं? कामवालीचं वाटतं रे."

त्याने कप खाली ठेवला. विषय हलका करावा म्हणून मी त्याला याच नावाच्या माझ्या एका विद्यार्थिनीची गंमत सांगितली. नोकरीच्या पहिल्याच वर्षी नववीत होती. कुठूनसा निबंध जसाच्या तसा उतरवून आणला होता. मी भर वर्गात उभं केलं, एका शब्दाचा अर्थ विचारला, तर तोंडातून अक्षर फुटेना. "काय गं नक्कलबाई, दुकान कुठे आहे तुझं?" म्हटल्यावर वर्ग जो हसला! पुढे वर्षभर सगळ्या तिला नक्कल म्हणायच्या. त्या नावाने माझ्या पोरीला हाक कशी मारू?

तोही हसला, थोडंसं. मग मोरीतला नळ गळतोय म्हणून पाना घेऊन गेला. नळ कालच दुरुस्त केला होता ना?

ते नाव इथे लिहीत नाही. वही कुणाच्या हाती पडली तर उगाच.

९ मार्च, सोमवार

दहा आणि आठ.

दिवसभर पडून राहिलं की नको ते आठवतं. त्या मुलीबद्दल एकदा नीट लिहून टाकते, म्हणजे डोक्यातून जाईल.

मी बावीस वर्षांची होते. मोठ्या बाई दारावरून फेऱ्या मारायच्या. वर्गात बेचाळीस मुली. धाक नाही बसला तर पुढची तीस वर्षं हाल, असं सगळ्यांनी बजावलं होतं. ती मागच्या बाकावर बसायची. हात पाण्याने फुगलेले. हजेरी घेताना तिचं नाव आलं की मी कधीकधी म्हणायची, "झाली का भांडी?" नावच तसं होतं. थट्टाच होती ती. माझ्या ताईला तिचे शिक्षक काय काय बोलायचे, त्यापुढे हे काहीच नाही.

निबंधाचा विषय होता 'मला आवडणारे घर'. सगळ्यांनी बाग, झोपाळा, कुत्रा. हिने मात्र आई ज्या घरी काम करते त्या घराबद्दल लिहिलं होतं. मागच्या दाराने आत जायचं, पायरीवर पाय पुसायचे, तिथल्या साबणाचा वास आईच्या हातांना लागून आपल्या घरी कसा येतो, आणि रात्री आई कुशीत घेते तेव्हा आपण त्या मोठ्या घरात झोपलोय असं कसं वाटतं. चौदा वर्षांची मुलगी हे लिहूच शकत नाही. कुणातरी मोठ्या माणसाने लिहिलेलं असणार. मी शून्य दिलं.

पुढच्या वर्षी ती शाळेत नव्हती. शाळा बदलली असेल.

१४ मार्च, शनिवार

आज जे झालं ते लिहावं की नाही, कळत नाही. लाथा मोजल्याच नाहीत.

नवऱ्याचा गेल्या आठ दिवसांचा अबोला आज संपला. हसतहसत आत आला. म्हणाला, "मला सुचलं! तू दरवर्षी वर्गात वाचून दाखवतेस ना, तो निबंध. आईच्या हातांना साबणाचा वास येतो तो. तू म्हणतेस, चौदा वर्षांत तसं दुसरं कुणी लिहिलं नाही. त्या मुलीचं नाव काय? तेच ठेवू या. असं डोकं मिळालं तर अजून काय हवं?"

हे मी इथे याआधी लिहिलं नव्हतं. तो निबंध मी तिला परत दिलाच नाही. माझ्याकडे आहे. दरवर्षी नववीला वाचून दाखवते, निबंध कसा असावा याचा नमुना म्हणून. मुली विचारतात, कुणाचा? मी म्हणते, एका जुन्या विद्यार्थिनीचा. लग्न झालं तेव्हा यालाही मोठ्या कौतुकाने वाचून दाखवला होता.

नऊ दिवसांपूर्वी ज्या मुलीवरून मी त्याला हसवलं, ती हीच, हे त्याला माहीत नाही.

तो वाट बघत उभा होता. मी एक नाव सांगितलं. पहिलं तोंडात आलं ते. तीन अक्षरांचं, गोड, नव्या वळणाचं. त्या नावाची एकही मुलगी मी कधी शिकवलेली नाही.

त्याने दोनदा म्हणून पाहिलं. "वा! शोभतं. असं लिहिणाऱ्या मुलीला असंच नाव शोभतं."

१७ मार्च, मंगळवार

सात. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, कमी आहेत, लक्ष ठेवा.

तो आता पोटाशी तोंड नेऊन त्या नावाने हाक मारतो. लिफ्टच्या लोकांनाही सांगून बसलाय. आणि हाक मारली की बाळ हलतं, हे त्याहून वाईट. मी जे नाव केवळ सुटका करून घ्यायला उच्चारलं, त्याला माझं मूल ओ देतंय.

आज खरं सांगणार होते. तो पाय चेपत होता. तेव्हा कसं सांगायचं?

२१ मार्च, शनिवार

आई आली. बाळंतपण होईपर्यंत राहील. आल्याआल्या पदर खोचून ओटा घासायला लागली. मी म्हटलं, "अगं बस ना. इथे बाई येते कामाला." म्हणाली, "ती कोपरे सोडते."

नवऱ्याला मी लग्नाआधी सांगितलं होतं की आई शिवणकाम करायची. आईलाही तसंच सांगून ठेवलंय. तो समोर असला की ती नुसती उसवलेली शिवण हातात घेऊन बसते.

२२ मार्च, रविवार

जेवणानंतर तो आईला म्हणाला, "नात कुणाच्या नावाची होणार आहे ते ऐका तरी," आणि माझ्या कपाटातून तो निबंध काढून आणला. मला उठून अडवता आलं नाही. त्याने सगळा वाचला. चांगलं वाचतो तो, घाई करत नाही.

आई ऐकत होती. संपल्यावर तिने हातातली शिवण बाजूला ठेवली. मग म्हणाली, "पायरीवरचं पोतं ओलंच असायचं गं. त्यावर पाय पुसला की आणखी ओला व्हायचा."

मी घाईघाईने म्हणाले, "आई, तुझी औषधाची वेळ झाली."

ती उठली नाही. म्हणाली, "हे लिहिणारी तिथे जाऊन आलीये. हे ऐकून लिहिता येत नाही."

नवरा कागद उलटसुलट करत होता. "वरचा कोपरा कापलाय. इथेच नाव असेल ना? उंदराने खाल्लं की काय?"

कात्रीने कापलेला कोपरा आणि उंदराने कुरतडलेला कोपरा यांतला फरक लिफ्टच्या तारा तपासणाऱ्या माणसाला कळत नसेल का?

२४ मार्च, मंगळवार

सांगितलं.

दुपारी तो जेवायला घरी आला होता. आई बाहेर कपडे वाळत घालत होती. मी म्हटलं, "मी सांगितलेलं नाव खोटं आहे. निबंधवाली मुलगी आणि नक्कलबाई एकच. निबंध तिचाच होता. मला तेव्हाही माहीत होतं."

शेवटचं वाक्य मी ठरवलेलं नव्हतं. बोलून गेल्यावर कळलं की ते खरं आहे. नक्कल वाटली असती तर मी तो कागद ठेवला कशाला असता? वर्गाकडे पाठ करून वाचला होता, डोळ्यांतलं पाणी दिसू नये म्हणून. आणि मग वळून तिला उभं केलं.

त्याने ताट बाजूला सारलं. "म्हणजे दहा दिवस मी पोटातल्या पोरीला तुझ्या थापेने हाक मारतोय."

"हो."

"आणि आत्याचं नाव कामवालीचं वाटलं तुला."

"तसं नव्हतं म्हणायचं मला."

"तसंच म्हणायचं होतं. आत्या लोकांचे कपडेच धुवायची. त्यात वाटायचं काय?" मग आवाज खाली आणून म्हणाला, "आणि आई काय करायच्या, तेही मला माहीत आहे. लग्नाच्या आधीच त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं. तू कधीतरी सांगशील म्हणून थांबलो. सात वर्षं झाली."

सात वर्षं ही दोघं माझ्यासमोर शिवणकामाचं नाटक करत होती. माझ्यासाठी.

बाहेर आई कपडे झटकत होती. तो उठला आणि तिला चिमटे द्यायला गेला. मी ताटासमोर बसून राहिले.

२ एप्रिल, गुरुवार

नऊ.

शाळेतल्या कारकूनकाकांना फोन केला. जुनी नोंद सापडायला तीन दिवस लागले. त्यांनी विचारलं, "कशाला हवीये?" मी म्हटलं, "तिची एक वस्तू माझ्याकडे राहिलीये." कारकूनकाका म्हणाले, "ती होय? ती चष्म्याच्या दुकानात आहे, मोठ्या चौकातल्या. माझी भिंगं तिनेच बसवली. फार हुशार पोरगी. शाळा मध्येच का सोडली कोण जाणे."

७ एप्रिल, मंगळवार

डॉक्टरीणबाईंनी नको म्हटलं होतं. नवऱ्याने गाडीतून नेलं. दारापाशी सोडून म्हणाला, "मी इथेच आहे. हे तुझं तूच कर."

दुकानात पुढे काचेचं कपाट, आरसे, मागे पडदा. पडद्याआडून काच घासल्याचा बारीक आवाज. चष्मेवाल्या मालकांनी विचारलं, काय हवंय. मला ते नाव घ्यावं लागलं. माझ्या तोंडून निघेना. म्हटलं, "मागे काम करतात त्या बाई."

त्यांनी तिथूनच हाक मारली. मोठ्याने, पूर्ण नावाने, जशी घरात कुणालाही मारतात. त्या हाकेत काहीच नव्हतं. नुसती तिची गरज होती.

ती हात पुसत आली. मनगटापर्यंत पांढरी भुकटी. डोळ्यांवरचा जाड चष्मा कपाळावर सरकवला आणि माझ्याकडे पाहिलं. लगेच ओळखलं. "बाई," म्हणाली, आणि नजर पोटावर गेली. स्टूल ओढून दिलं. "बसा. उभ्या राहू नका."

तिला तू म्हणू की तुम्ही, हे मी वाटेत ठरवलं नव्हतं. "तुमचा निबंध," एवढंच म्हटलं आणि पाकीट पुढे केलं.

तिने उभ्यानेच वाचला. मध्ये एकदा ओठ हलले. मग कोपऱ्यावर बोट ठेवलं. "इथे नाव होतं."

"मी कापलं."

"का?"

मी चौदा वर्षं दुसऱ्यांकडे उत्तरं मागत आलेय. काहीतरी म्हणायचं म्हणून सांगितलं, की मी तो दरवर्षी वर्गात वाचते, मुलींना फार आवडतो, काहीजणी रडतातसुद्धा. वाटलं, तिला बरं वाटेल.

तिचा चेहरा आक्रसला. "दरवर्षी? माझ्या नावाशिवाय?"

मग शांतपणे म्हणाली, "शून्याचं मला काही वाटलं नव्हतं, बाई. तो परत मिळाला असता तर आईला वाचून दाखवणार होते. तिला वाचता यायचं नाही. मी सांगितलं होतं तिला, तुझ्यावर लिहिलंय म्हणून. ती रोज विचारायची, मिळाला का गं कागद? मी म्हणायचे, बाईंना फार आवडलाय, म्हणून त्यांनी ठेवून घेतलाय." पुन्हा कागदाकडे पाहून म्हणाली, "ते खोटं नव्हतं म्हणजे."

"आई आहेत?"

"नाहीत."

मी रडायला लागले. तिने पाण्याचा पेला दिला आणि मालकांना म्हणाली, "काही नाही, यांना चक्कर आली." मला सांभाळून घेतलं तिने. मी म्हटलं, "तुम्ही माझ्यामुळे शाळा सोडलीत."

"नाही हो. आई आजारी पडली म्हणून सोडली. सगळंच काही तुमच्यामुळे झालं नाही."

तेव्हा मी ते बोलले, जे बोलायला आले होते. म्हटलं, मुलगी झाली तर तिला तुमचं नाव ठेवीन.

तिने कपाळावरचा चष्मा काढून हातात घेतला. "नका. तुम्ही तिला हाक माराल आणि दर वेळी मनात माझी माफी मागाल. पोरीला काय कळणार? तिला वाटेल, आपलंच काहीतरी चुकलंय." मग म्हणाली, "माझं नाव मला चांगलं आहे, बाई. ते सुधारायला कुणी नकोय."

निबंध तिने घडी घालून खिशात ठेवला. मागून मालकांनी विचारलं, दुपारचं काम झालं का. "आले," म्हणाली आणि पडद्याआड गेली. काच घासल्याचा आवाज पुन्हा सुरू झाला. माफी मागायची राहूनच गेली, हे मला गाडीत बसल्यावर लक्षात आलं.

१२ एप्रिल, रविवार

दहा आणि नऊ.

मोठ्या बाईंना पत्र लिहिलं. काय झालं होतं ते सगळं, तिच्या पूर्ण नावासकट. रजेवरून परतले की नववीला मी स्वतः सांगेन, असंही लिहिलं. वाचून त्यांचं माझ्याबद्दल मत काय होईल, याचाच विचार पत्र टाकेपर्यंत करत होते. लाज वाटते, आणि तीही स्वतःपुरतीच.

तिलाही पत्र टाकलंय. दोन ओळी. माफीच्या. उत्तराची वाट बघायची नाही.

९ मे, शनिवार

मुलगी झाली, मंगळवारी. सगळं नीट. केस भरपूर, आवाज त्याहून भरपूर. आई तिला न्हाऊ घालते तेव्हा नवरा बाजूला टॉवेल घेऊन उभा असतो. दोघं मनमोकळं बोलतात. आई ज्या घरात काम करायची तिथल्या गमती सांगत होती काल. मी पहिल्यांदाच ऐकल्या. एकदा तिथल्या मालकीणबाई बाहेरगावी गेल्या असताना आईने त्यांच्या पलंगावर दुपारभर झोप काढली होती म्हणे, पायांत त्यांच्या चपला घालून. नवरा इतका हसला की बाळ दचकलं. मीही हसले. माझं नाव त्या घरातल्या मुलीवरून ठेवलंय, हेही तिने सहज सांगून टाकलं. मला ठाऊक होतं.

नावाचं विचारलं तर नवरा म्हणाला, "आत्याचंच."

चष्म्याच्या दुकानात तिने काय सांगितलं ते मी त्याला सांगितलं होतंच. पुन्हा सांगितलं.

तो म्हणाला, "ती तिच्या जागी बरोबर आहे. पण आत्या माझी. मला पहिलं अक्षर तिने शिकवलं. मी तिच्यासाठी ठेवतोय. यात तू कुठे येतेस?"

मी कुठेच येत नाही. आईने मान डोलावली.

२१ मे, गुरुवार

नाव नोंदवायला गेलो. नवरा गाडी लावायला गेला आणि रांग पुढे सरकली, त्यामुळे खिडकीशी मी एकटी, खांद्यावर ही झोपलेली.

खिडकीतल्या बाईंनी वर न बघता विचारलं, "नाव?"

मी सांगितलं. आवाज बारीक निघाला. त्या म्हणाल्या, "मोठ्याने सांगा." मागे वीसएक माणसं होती. मोठ्याने सांगितलं. कुणी हसलं नाही. कुणी मान वर करूनही पाहिलं नाही.

बाईंनी लिहिलं आणि मग वर पाहिलं. "हल्ली कुणी ठेवत नाही हे. कुणाचं?"

"यांच्या आत्याचं," मी म्हणाले.

उत्तर खरं होतं. पण ते किती झटकन आलं, आणि ते सांगायला मिळालं म्हणून मला किती सुटल्यासारखं वाटलं, हे माझं मला कळलं. बाई म्हणाल्या, "छान आहे. माझ्या थोरल्या बहिणीचं हेच," आणि शिक्का मारला.

कागद हातात घेऊन मी बाजूला झाले. वाचून पाहिलं. दोन्ही अक्षरं स्वच्छ, वेलांटी जागेवर. मग बाकावर बसले आणि हिला जाग येईपर्यंत हळूहळू त्या नावाने हाक मारत राहिले. सातव्या-आठव्या हाकेला कुठे ती नुसती हाक झाली.